अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

मित्रांनो, अंगणवाडी हा शब्द माहीत नाही असा एकही जण आपल्या कॉलेजात सापडणार नाही. आपल्यापैकी कित्येक जण लहानपणी अंगणवाडीतली उसळ खाऊनच मोठे झालेत. पण हा शब्द आला कुठून, असं विचारलं तर बहुतेकांची विकेट पडते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे मित्र फार तर एक नाव सांगतात : ताराबाई मोडक. गाईडमध्ये त्यांच्यावर एक ओळ असते, ती पाठ केली की एक मार्क पक्का. मलाही तेवढंच माहीत होतं. यंदा मात्र थोडं जास्त वाचायला मिळालं आणि वाटलं, की हे आपल्या मासिकात यायलाच हवं.

वाचायला मिळालं त्याचं कारण माझी मावसबहीण. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि तिला शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं आहे. आमच्या दिव्याच्या घरी ती आली की एखादे काका हटकून विचारतात, की म्हणजे नक्की काय करणार, वेड्यांची डॉक्टर होणार का? ती हसते आणि गप्प बसते. मी मात्र तिला नीट विचारलं, की हे शिक्षण असतं तरी कसं. ती बोलत गेली आणि बोलता बोलता ताराबाईंपर्यंत येऊन पोचली. म्हणून आधी तिच्या शिक्षणाबद्दल थोडं सांगतो आणि मग ताराबाईंकडे वळतो.

शाळेतला मानसशास्त्रज्ञ हा प्रकार जगात सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाने पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक उघडलं. त्याच्याकडे आलेला पहिला मुलगा कुठल्याही अर्थाने वेडा नव्हता. तो स्पेलिंगमध्ये प्रचंड चुका करायचा म्हणून शाळेतल्या बाईंनी त्याला तिथे आणलं होतं. पुढे १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. शाळेत कुणाला जास्त मदतीची गरज आहे हे ओळखणं, एवढाच तिचा उद्देश होता. आपल्याकडे डॉ. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी जुळवून घेतली. पॅरिसच्या मुलाला सहज कळणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला अडू शकतो, मग मार्क कमी पडले तर दोष कुणाचा? आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले याला कॅलिब्रेशन म्हणतो. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे.

अमेरिकेत या कामाला आता पदवीनंतरचं वेगळं शिक्षण आहे. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे अभ्यासक्रमाशिवाय १२०० तासांची इंटर्नशिप लागते आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत घालवावे लागतात. आपल्याकडे वाट थोडी वेगळी आहे. मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., त्यानंतर शालेय समुपदेशनाचा एखादा पदविका अभ्यासक्रम आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली काम. केंद्रीय बोर्डाच्या नियमांत शाळेत समुपदेशक असावा असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समुपदेशकांचा उल्लेख आहे. कागदावर असलेली गोष्ट प्रत्येक शाळेत पोचली आहे का, हे ज्याने त्याने आपली शाळा आठवून ठरवावं.

या सगळ्यात मला सर्वांत गंमत वाटली ती बहिणीच्या प्रात्यक्षिकाची. मला वाटलं होतं, की ही मुलांना समोर बसवून प्रश्न विचारत असेल. तर तसं नाही. पहिले कितीतरी दिवस ती नुसती वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसते. हातात घड्याळ आणि वही. ठरावीक वेळाने मान वर करायची आणि त्या क्षणी ठरलेलं मूल काय करतंय ते लिहायचं. फळ्याकडे बघतंय, शेजाऱ्याशी बोलतंय, खिडकीबाहेर बघतंय, पेन्सिल चावतंय. आळशी, द्वाड, मंद असले शब्द लिहायचे नाहीत, कारण ते मत झालं. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. मी म्हटलं, हे तर आमचं सॅम्पलिंग! आधी रीडिंग घ्या, निष्कर्ष मागून. तेव्हा तिने सांगितलं, की हीच शिस्त आपल्या ठाणे जिल्ह्यात एका बाईने फार पूर्वी रुजवली. तेव्हा त्या कामाला नावही नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणजे त्या काळच्या मानाने फारच सुधारलेलं. मुलीने शिकावं की नाही यावर जिथे घराघरांत भांडणं व्हायची, त्या काळात या मुलीने १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली. आज आपल्या वर्गात मुली आहेत याचं आपल्याला काहीच वाटत नाही. तेव्हा पदवीधर बाई दिसली तर लोक वळून बघत असत.

लग्न झालं अमरावतीच्या मोडक वकिलांशी. पण ते लग्न टिकलं नाही आणि १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. आजही आमच्या चाळीत अशा बाईला चार प्रश्न जास्तच विचारले जातात. ताराबाईंनी नोकरी धरली ती थेट राजकोटला, बार्टन ट्रेनिंग कॉलेजात. शिक्षिका तयार करणाऱ्या त्या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार बरा, मान मोठा. आपल्या भाषेत सांगायचं तर चांगलं प्लेसमेंट. इथेच त्या थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण त्याच काठेवाडात, भावनगरला, गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस काहीतरी भलतंच करत होता. हा गृहस्थ मूळचा वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करू लागला आणि त्या विचारात वकिलीच सुटली. १९२० साली त्याने दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, पाठांतर नाही, भीती नाही. मिशा असलेला हा माणूस मुलांत इतका रमायचा, की लोक त्याला मिशावाली आई म्हणू लागले. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या बालमंदिरात रुजू झाल्या. ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख असलेल्या बाई पुन्हा शिकाऊ झाल्या, तेही तीन-चार वर्षांच्या पोरांसमोर. वय एकतीस.

इथे मारिया माँटेसरी यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण भावनगरचा सगळा प्रयोग त्यांच्या पद्धतीवर उभा होता. माँटेसरी बाई इटलीतल्या डॉक्टर. विटमरने क्लिनिक उघडलं त्याच वर्षी, १८९६ साली, त्या डॉक्टर झाल्या. सुरुवातीला त्यांनी मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम केलं आणि नंतर १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत शिक्षिकेचं पहिलं काम शिकवणं हे नाहीच. पहिलं काम निरीक्षण. मूल काय उचलतं, किती वेळ त्यात रमतं, कुठे अडतं, कधी सोडून देतं, हे बघायचं आणि मगच हात घालायचा. आपल्याकडे गुरुजी वर्गात आले की बोलायला लागतात, त्याच्या हे अगदी उलटं.

भावनगरला ताराबाईंनी नऊ वर्षं काढली. तिथे बालमंदिराबरोबर अध्यापन मंदिरही होतं, म्हणजे बालशिक्षक तयार करण्याची शाळा. गिजुभाई आणि ताराबाई या जोडीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हे मासिक चालवलं, पालकांसाठी लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. मूल हट्ट का करतं, खोटं का बोलतं, वस्तू का फोडतं, रात्री का घाबरतं, असे विषय. आज बालमानसशास्त्राच्या पेपरला जे धडे असतात ते या मंडळींनी घरातल्या आईबापांना समजेल अशा भाषेत सांगितले. मानसशास्त्राचा वेगळा विभाग तेव्हा देशात कुठे होता? कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झालेला आणि आणखी मोजके. अशा वेळी बालशिक्षकांसाठी असा वर्ग काठेवाडातल्या एका संस्थानी गावात चालला होता, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

१९३२ मध्ये ताराबाई भावनगरहून महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. तिथेही बालमंदिर आणि शिक्षिका घडवणारं अध्यापक मंदिर अशी जोडी होती. शिकणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर मुलं हवीतच. पुस्तकातलं मूल आणि समोरचं मूल यांत किती फरक असतो हे त्याशिवाय कळत नाही. आपलं प्रॅक्टिकल आणि व्हायवा याच जातीचे असायला हवेत, पण ते एक असो!

१९३९ साली खुद्द माँटेसरी बाई भारतात आल्या. मद्रासजवळ अड्यारला त्यांनी वर्ग घेतला आणि महायुद्धामुळे त्यांना १९४६ पर्यंत इथेच राहावं लागलं. त्यांच्या वर्गांमुळे देशात या पद्धतीचा बोलबाला झाला. पण एक अडचण होतीच. माँटेसरीची साधनं म्हणजे गुळगुळीत लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, खरखरीत कागदाची अक्षरं. अचूक मापाची आणि महाग. त्यामुळे ही शाळा बघता बघता पैसेवाल्यांच्या मुलांची झाली. आजही शहरात माँटेसरीची पाटी दिसली की आपण आधी फी विचारतो. ज्या पद्धतीचं पहिलं बालगृह रोमच्या गरीब वस्तीत उघडलं तिचं हे असं झालं.

ताराबाईंना हेच खुपत होतं. दादरचं काम उत्तम चाललं होतं, नाव झालं होतं, वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीमचा विचार देशभर पोचला होता. बालशिक्षण खेड्यात न्यायचं असं ताराबाईंनी ठरवलं आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. आम्हा दिवेकरांना हा रस्ता सोपा आहे. दिवा जंक्शनवर वसईची गाडी धरायची, भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र करत वसई रोडला उतरायचं आणि तिथून डहाणूकडे जायचं. डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड, तिथून बोर्डी जवळच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर दिवा आणि बोर्डी एकाच ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. याच सुमाराला ताराबाईंना एक सहकारी मिळाली, अनुताई वाघ. जन्म १९१० चा, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तरीही शिकून शिक्षिका झालेली ही बाई १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिराला आली होती. तिथे तिची ताराबाईंशी भेट झाली आणि ती त्यांच्याबरोबर बोर्डीला गेली, ती कायमचीच. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. समाजाने दोघींना घराच्या कोपऱ्यात बसवलं असतं. त्यांनी जिल्ह्यातल्या हजारो पोरांना कोपऱ्यातून बाहेर काढलं.

बालवाडी उघडली खरी, पण एक गोष्ट लगेच लक्षात आली. गावातली मुलं येत होती. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची येत नव्हती. अशा वेळी शाळा सहसा काय म्हणते ते आपल्याला ठाऊक आहे. त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, पोरं आळशी, आईबाप अडाणी. हजेरीपटावर गैरहजर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ताराबाईंनी तसं केलं नाही. भावनगरला जी सवय लागली होती तीच इथे वापरली. आधी बघितलं. त्या स्वतः आणि त्यांच्या शिक्षिका वस्तीत गेल्या.

तिथे जे दिसलं ते वहीत मांडलं तर असं होतं. पाच वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसली आहे, कारण आई मजुरीला गेली आहे. सात वर्षांचा मुलगा गुरं चारायला गेला आहे. अंगावर घालायला धड कपडा नाही. शाळेतली भाषा पाड्यावरच्या भाषेपेक्षा वेगळी आहे. बोर्डीच्या आसपासचा हा सगळा वारली मुलूख त्या वेळी वेठबिगारीखाली दबलेला होता. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, तो याच पट्ट्यात. म्हणजे मूल शाळेत न येण्याची कारणं मुलाच्या डोक्यात नव्हतीच. ती घरात, रानात आणि सावकाराच्या वहीत होती.

मग उपाय काय? मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. शिक्षिका वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवली आणि तिथेच बालवाडी भरली. हीच अंगणवाडी. इमारत नाही, बाकं नाहीत. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीच्या महाग साधनांची जागा दगडांनी, बियांनी, पानाफुलांनी, शिंपल्यांनी घेतली. मोठं-लहान, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हे शिकायला इटलीहून पेटी मागवावी लागत नाही. तत्त्व तेच, साधन इथलं. डॉ. कामतांनी चाचणीचं जे केलं तेच ताराबाईंनी शाळेचं केलं, असं मला वाटतं. आपण प्रोजेक्टमध्ये ज्याला कमी खर्चाचं डिझाईन म्हणून मिरवतो ते काम या बाईने अंगणात बसून केलं, तेही पेटंट न घेता.

१९५७ च्या सुमाराला काम बोर्डीहून कोसबाडला गेलं. कोसबाड ही डहाणू तालुक्यातलीच टेकडी, भोवती आदिवासी पाडे. वय पासष्ट. या वयात आपल्याकडे माणसं पेन्शन घेऊन नातवंडं सांभाळतात. ताराबाईंनी इथे विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. आता यामागचा हिशेब बघा. थोरली बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर तान्हं भावंडं आहे. तिला रागावून उपयोग नाही, तिच्या आईला उपदेश करूनही नाही. भावंडाला पाळण्यात ठेवायची सोय शेजारच्याच खोलीत केली, की मुलगी आपोआप मोकळी होते. तसंच गुराख्यांचं. पोरगा गुरं सोडून येऊ शकत नाही, तर शिक्षकाने कुरणात जायचं. गुरं चरताहेत आणि झाडाखाली अक्षरं गिरवली जाताहेत. तिला नाव मिळालं कुरणशाळा.

माझी बहीण म्हणते, की त्यांच्या अभ्यासक्रमात एक तत्त्व पहिल्या सत्रापासून शिकवतात. मुलाची अडचण बघताना एकट्या मुलाकडे बघायचं नाही. त्याचं घर, वर्ग, शिक्षक, वस्ती हे सगळं मिळून बघायचं. त्यावर जाड जाड पुस्तकं आहेत आणि परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्नही येतो. कोसबाडची पाळणाघराची खोली म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, पुस्तकाशिवाय लिहिलेलं.

हे वाचत असताना मला आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा सारखा आठवत होता. दुसरीत आहे. शाळेच्या डायरीत लाल शाईने शेरा येतो : वर्गात झोपतो, लक्ष नाही. आई वाचते आणि दोन धपाटे घालते. आता दिव्यात राहणाऱ्याला हे कोडं सुटायला वेळ लागणार नाही. आमच्याकडे पाणी येतं रात्री दीड-दोनला, तेही तासभर. बाप रात्रपाळीला, आई एकटी तीन जिने चढून हंडे वर आणणार, मग पोरगं पाइप धरायला उठतं. सकाळी आईला साडेपाचची गाडी, पोराला सातची शाळा. तो वर्गात झोपणार नाही तर काय करणार? त्याला औषध नको, उपदेश नको, बुद्धीची चाचणीही नको. त्याच्या वहीत शेरा मारण्याआधी कुणीतरी त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता, रात्री किती वाजता झोपलास म्हणून. गेल्या महिन्यात मी आणि वरच्या मजल्यावरच्या एका मित्राने त्यांचं पाणी भरायचं काम वाटून घेतलं आहे. फार मोठं काही केलं असं नाही. पण सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी बोर्डीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली ती मुलगी आणि हा पाइप धरून उभा असलेला मुलगा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. मागे अनुताई होत्या. त्यांनी कोसबाडचं काम पुढे जवळजवळ वीस वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत चालवलं. ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात अशी तेरा लाखांहून जास्त केंद्रं आहेत. जिल्ह्याच्या एका टोकाच्या पाड्यावर सुचलेली कल्पना देशाच्या प्रत्येक गावात पोचली.

मात्र इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. नाव पोचलं, खिचडी पोचली, लसीकरणाची वही पोचली. पण ताराबाईंच्या कामाचा गाभा होता तो शिक्षिकेचं प्रशिक्षण. मुलाकडे बघायला शिकवणं. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात आणि त्याचा आकडा रिपोर्टात दाखवता येत नाही. आपल्या अंगणवाडीताईंवर पोषण आहार, वजन-उंची, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, मोबाईलवर माहिती भरणं असा एवढा बोजा आहे, की शांतपणे एका मुलाकडे दहा मिनिटं बघत बसायची त्यांना सोयच नाही. मोठ्या शाळांतही तेच. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात पोर्शन संपवायचा. बाईंनी बघायचं तरी कुणाकडे? म्हणूनच बघण्याचंच शिक्षण घेतलेला एक माणूस शाळेत वेगळा असावा लागतो. माझी बहीण जे शिकते आहे ते हे. काकांना मी आता हेच सांगतो, की ती वेड्यांची डॉक्टर होणार नाही, ताराबाईंच्या हाताखालच्या शिक्षिका जे काम करायच्या ते करणार आहे. काकांना ताराबाई माहीत नसतात, मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं!

आपण इंजिनीअरिंगवाले. आपल्याला हे सगळं कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्यातले निम्मे जण खर्चासाठी शिकवण्या घेतात. पुढे कुणी शिकवण्याच्या क्षेत्रात जाईल, कुणी मुलांसाठी सॉफ्टवेअर लिहील, आणि आईबाप तर बहुतेक जण होतीलच. लॅबमध्ये मीटरचं रीडिंग चुकीचं आलं तर आपण आधी जोडणी तपासतो, मग प्रोब, मग मीटर. मोजली जाणारी गोष्टच खराब आहे असं पहिल्या फटक्यात कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर सर वर्गाबाहेर काढतात. मुलाच्या बाबतीत मात्र आपण सरळ उलटं करतो. मार्क कमी आले की मूल ढ. ताराबाईंनी आयुष्यभर एवढंच केलं, की मूल शाळेत बसत नाही असं दिसलं तेव्हा आधी शाळा तपासली. भाषा तपासली, साधनं तपासली, वेळ तपासली, जागाही तपासली आणि गरज पडली तेव्हा शाळा उचलून अंगणात नेली.

मित्रांनो, सुट्टीत कधी डहाणूकडे गेलात तर समुद्र, चिकूच्या वाड्या आणि महालक्ष्मीचं दर्शन यांबरोबर कोसबाडच्या टेकडीवरही एक चक्कर टाका. आणि तिकडे जाणं जमलं नाही तर निदान आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत अर्धा तास जाऊन बसा. काही शिकवू नका, फोटो काढू नका. नुसतं एका मुलाकडे बघा आणि दिसेल ते लिहून काढा. वाटतं तितकं ते सोपं नाही, मी करून बघितलंय.